नकलांचा डबा

माणसाच्या तोंडात शेवटी एकच शब्द उरायचा असेल तर तो 'पाणी' असावा, 'आई' असावा, गेलाबाजार एखादी सणसणीत शिवी तरी असावी. खोटेरावांच्या तोंडात उरला तो 'खोटं'.

झटका येऊन चार महिने झाले होते. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, वाचा गेली. गेली म्हणजे डोक्यात होती हो, सगळी जागच्या जागी होती, पण जिभेपर्यंतचा रस्ता बंद झाला होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. एखादाच शब्द वाचतो आणि माणूस सगळ्यासाठी तोच वापरतो. तहान लागली की खोटं, पाठ भरून आली की खोटं, मुलीने कपाळावर हात ठेवला आणि डोळे भरून आले तरी खोटंच. मान हलवून हो-नाही सांगावं तर तीही धड नव्हती. 'हो' म्हणून निघालेली मान वाटेत विचार बदलायची. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसती कोंबडीची पावलं उमटायची.

नेमका हाच शब्द वाचला याचं बाजारात मात्र कुणाला नवल वाटलं नसतं. वजनमापं तपासणारे निरीक्षक होते ते. दुकानात शिरायचे, नमस्कार-चमत्कार न करता वजन उचलून तळहातावर तोलायचे आणि म्हणायचे, "खोटं." मग त्यांचा काटा निघायचा आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. एकतीस वर्षांत एकदाही त्यांचा तळहात चुकला नाही. खोटेराव हे नाव बाजाराने ठेवलं, कचेरीने उचललं, आणि पुढे घरात मुलगीसुद्धा पाठीमागे हळूच तेच म्हणायला लागली. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

अशा माणसाला नाद लागला नाण्यांचा. सोन्याची नऊ आणि चांदीची चोपन्न, एकूण त्रेसष्ट. पगारातून, बोनसमधून, दोन वेळचा चहा सोडून एकेक गोळा केलेली. त्यातलं एक तर असं की ज्यासाठी लोक विमानाने आले असते. एक राजा जेमतेम अकरा महिने गादीवर बसला, तेवढ्यात त्याने सोन्याची नाणी पाडून घेतली. घाईघाईत केलेल्या ठशाला तडा गेला, म्हणून राजाच्या कानापासून काठापर्यंत केसाएवढी रेघ उठली. ती रेघ असलेली सातच नाणी जगात उरली होती. सहांचे मालक सगळ्यांना माहीत होते. सातवं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात होतं आणि त्याचा पत्ता फक्त खोटेरावांना होता.

प्रत्येक अस्सल नाण्याशेजारी त्याची नक्कल ठेवायची ही त्यांची जुनी पद्धत. खऱ्याला खरं म्हणायचं तर खोटं कसं दिसतं ते रोज पाहिलं पाहिजे, असं ते म्हणत. प्रत्येक नाणं छोट्या कागदी पाकिटात, पाकिटावर बारीक अक्षरात वजन, साल आणि खाली 'अस्सल' किंवा 'नक्कल'. अस्सल नाणी मखमल लावलेल्या सागवानी पेटीत, नकला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

मग त्यांच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या एका दंतवैद्याकडे चोरी झाली. चोर शिकलेले निघाले. त्यांनी शांतपणे पाकिटं वाचली, 'नक्कल' लिहिलेली टेबलावर नीट रचून ठेवली आणि बाकीची घेऊन गेले. ते ऐकून मंडळी हळहळली. खोटेरावांना मात्र झकास कल्पना सुचली. एका रविवारी दुपारी मायलेकी बाहेर गेल्या असताना त्यांनी त्रेसष्ट जोड्यांच्या पाकिटांतल्या नाण्यांची अदलाबदल केली. नकला गेल्या मखमलीवर. अस्सल नाणी गेली बिस्किटांच्या डब्यात, आणि डब्यावर त्यांनी ठळक लिहिलं: 'नकला. किंमत शून्य.' मग कपाटावर, जुन्या चादरींच्या मागे तो डबा ठेवला आणि स्वतःवरच इतके खूश झाले की त्या दिवशी शीळ घालत दाढी केली.

बायकोला सांगावं असं दोनदा मनात आलं होतं. पण बायको शेजारणीशी बोलते, शेजारीण नवऱ्याशी, आणि गोष्ट षट्कर्णी व्हायला वेळ लागत नाही. वेळ आली की सांगू, असं त्यांनी ठरवलं. वेळ आली ती न्हाणीघरात, खांद्यावर टॉवेल असताना, आणि सांगायचं तोंडच घेऊन गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

इमारतीला लिफ्ट नव्हती. चार महिन्यांत खोटेरावांनी खिडकीतल्या आकाशाच्या तुकड्याशिवाय काही पाहिलं नव्हतं. बायकोचे गुडघे गेलेले. त्यांना कुशीवर वळवताना तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा आणि तो त्यांना ऐकू जायचा. तळमजल्यावरचं, दाराशी थोडं अंगण असलेलं घर बघायचं असं मायलेकींनी ठरवलं. पैसा कुठून येणार? तर बाबांची नाणी आहेत की. मुलीने त्यांच्या उशाशी बसून हे सगळं समजावलं, आणि खोटेरावांची अजिबात ना नव्हती. नाणी ज्या दिवसासाठी ठेवली होती तो हाच दिवस, हे त्यांना कळत होतं. फक्त डबा कुठला ते सांगायचं होतं.

"खोटं," ते म्हणाले.

"हो बाबा, नीट भाव घेऊ," मुलगी म्हणाली.

नाणी बघायला आला तो त्यांच्याच मंडळातला जुना व्यापारी. गळ्यात कायम भिंग लटकलेलं, म्हणून सगळे त्याला भिंगच म्हणायचे. माणूस सरळ होता. तीस वर्षं दोघं भांडले होते, आणि वीस वर्षं विनवण्या करूनही खोटेरावांनी त्याला एकसुद्धा नाणं दाखवलं नव्हतं. आज सागवानी पेटी पुढ्यात आली तेव्हा त्याने भिंग सदऱ्याला दोनदा पुसलं. त्याने पहिलं पाकीट उघडलं, नाणं भिंगाखाली धरलं. मग दुसरं उघडलं. मग एकदम अकरा महिन्यांच्या राजाचं. मग पेटी मिटली आणि प्यायला पाणी मागितलं.

पलंगावरून खोटेराव त्याच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, आता हा ओळखेल. हा मला ओळखतो. एकतीस वर्षं ज्याला बाजाराने गंडवलं नाही तो घरात पितळ साठवेल का, एवढा एक प्रश्न याने स्वतःला विचारावा.

भिंगाने विचारला नाही. पाणी पिऊन तो खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, कसं सांगू? सगळ्या नकला आहेत. पितळ, वरून मुलामा. फार तर मुलांना खेळायला."

"खोटं," खोटेराव ओरडले. डावा हात कपाटाकडे नेला आणि पुन्हा ओरडले, "खोटं! खोटं!"

"त्यांनाही ठाऊक होतं म्हणायचं," भिंग हळूच म्हणाला आणि उठला. बायकोने त्याला सांगितलंसुद्धा, की कपाटावर अजून एक डबा आहे, पण त्यावर यांनीच नकला म्हणून लिहिलंय. अस्सलची ही गत, तर नकला बघून काय करू, असं म्हणत तो चपला घालू लागला. जुन्या दोस्ताची फजिती बघवेना, त्याला तिथून पळ काढायचा होता. मुलीने बाबांच्या हाताच्या रोखाने कपाटावरून डबा काढला, पलंगापाशी आणला आणि झाकणावरचं त्यांचंच अक्षर त्यांना दाखवलं. "हेच ना बाबा? यावर तर तुम्हीच लिहिलंय." जिन्यात भिंगाची पावलं वाजत होती. दुसरा मजला, पहिला मजला, मग खालचं लोखंडी फाटक. खोटेरावांनी ती शेवटपर्यंत ऐकली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

बायको रागावली नाही. तेच फार वाईट झालं. तिने पेटी पुसून ठेवून दिली, पलंगाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "अहो, फसवले गेलात ते मला तरी सांगायचं होतंत. मी काय हसले असते?"

डबा त्यांनी हाताने दाखवला होता म्हणून तो त्यांच्याजवळच राहिला. असू दे, मन रमतंय, असं मायलेकींचं म्हणणं. खोटेराव कसले रमतात, त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी डोळा उघडला की ते डाव्या हाताने एक नाणं काढायचे आणि पलंगाखाली टाकायचे. त्यांना ते वाजवून दाखवायचं होतं. ओतीव नाणं मुकं, पाडीव नाणं बोलकं, हा त्यांचा जुना पाठ. नक्कल साच्यात धातू ओतून करतात, म्हणून ती फरशीवर थप्प पडते. ठशाखाली घणाचा घाव सोसलेलं नाणं खणखणतं. आयुष्यभर प्रत्येक नवं नाणं त्यांनी फरशीवर वाजवूनच घेतलं होतं. पण पलंगावरून पडले तर लागू नये म्हणून मुलीने खाली चारही बाजूंनी जाड रबरी चटई अंथरली होती. त्या चटईवर अकरा महिन्यांचा राजासुद्धा थप्पच पडायचा. मुलगी नाणं उचलून डब्यात ठेवायची, ते पुन्हा टाकायचे. चटईपलीकडे फेकावं तर डाव्या हाताला नेम नव्हता. नाणं पांघरुणात अडकायचं.

बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची. तिने चित्रांचा तक्ता आणला होता. त्यावर पाणी होतं, संडास होता, झोप होती, दुखणारं डोकं होतं, हसरा चेहरा आणि रडका चेहरा होता. खोटेरावांनी डबा पोटाशी धरून हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, मग डब्यावर, मग पुन्हा चेहऱ्यावर. बाई म्हणाली, छान, डबा आवडतो. त्या दिवशी ते रडले, आणि बाईने त्यांचं बोट धरून रडक्या चेहऱ्यावर ठेवलं.

सोनाराची कल्पना जावयाची. त्याने सहज एक नाणं हातात घेतलं आणि म्हणाला, वजनाला बरं लागतंय, निदान चांदीचा मुलामा तरी जाड असेल, विचारून बघा. बायको एक चांदीचं नाणं घेऊन गेली ती लगबगीने परत आली. सोनाराने कसोटीवर घासलं होतं. चांदी चोख निघाली. सोन्याच्या रंगाचीही आणा, असं तो म्हणाला होता.

"उलटाच कारभार मामांचा," जावई हसत म्हणाला. "अस्सल म्हणून पितळ जपलं, आणि नकला मात्र चोख धातूत ओतून घेतल्या."

इतकं जवळ येऊन हा गाढव हसला. खोटेरावांचा घसा 'खोटं, खोटं' करून बसला आणि जावयाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाहेरचे कपडे घालून त्यांच्यापाशी आली. डबा हवाय, म्हणाली. त्यांनी तो डाव्या हाताने छातीशी आवळला. ती एकेक बोट सोडवायला लागली, लहान मुलाच्या मुठीतून खडा काढावा तशी, आणि सारखी समजावत होती की अहो, उगीच का नकलांना जीव लावताय, आपण खाली राहायला जाऊ, तुम्हाला उन्हात बसवीन. शेवटचं बोट सुटलं तेव्हा खोटेराव तिच्या मनगटाला चावले. बेचाळीस वर्षांत त्यांनी तिच्यावर हात उचलला नव्हता. रक्त आलं. तिने मनगटाला रुमाल बांधला, मुलीला हाक मारून यांच्याजवळ बस म्हणाली आणि डबा पिशवीत घालून जिना उतरली. एकेका पायरीवर थांबत, गुडघ्यांमुळे.

त्या दुपारी खोटेरावांनी आपल्या मरणाची आठवण केली आणि ते येईना.

ती परतली तेव्हा उन्हं कलली होती. चेहरा उजळला होता, असा कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. मुलीच्या मदतीने तिने खोटेरावांना खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत टेबलापाशी नेलं, आज सगळ्यांनी एकत्र चहा घ्यायचा म्हणाली. तळमजल्याची अनामत भागेल आणि वर वर्षभराचं भाडं निघेल एवढे आले होते. मुलगी आनंदाने चहा टाकायला आत गेली. बायको त्यांच्यासमोर बसली आणि सांगत सुटली. तिला त्यांची शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही.

"तुम्ही शिकवलंत ना, सोनारावर कधी विसंबू नये. मी तशीच उभी राहिले. आधी काटा शून्यावर आहे का ते बघितलं. मग म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर वितळवा आणि मगच वजन करा. तो म्हणाला, आजी, अशाही घेतो की. मी म्हटलं, नाही. तासभर मुशीसमोर उभी होते. त्यात एकावर बारीक चीर होती हो, राजाच्या कानाशी. म्हटलं, नक्कल करणाऱ्याने तीसुद्धा सोडली नाही."

खोटेराव तिच्याकडे बघत राहिले. सोनाराला राजा दिसत नाही, कस दिसतो, हे ते स्वतःच मंडळात सांगायचे. काटा शून्यावर बघायचं त्यांनीच शिकवलं होतं. विसंबू नये हेही त्यांनीच. ती त्यांचा एकेक धडा पाठ करून गेली होती आणि कुठेही चुकली नव्हती. अकरा महिन्यांचा राजा गेला. पस्तीस वर्षं गेली. त्यांच्या तोंडातून काहीच आलं नाही, तो एक शब्दसुद्धा नाही.

"एक ठेवलंय बरं तुमच्यासाठी," ती म्हणाली. "इतका जीव लावलात म्हणून." रुमालाच्या गाठीतून तिने एक झिजलेलं चांदीचं नाणं काढलं. त्यांनी घेतलेलं पहिलंवहिलं. तिने ते त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, पण त्यांना बोटं मिटायचीही इच्छा उरली नव्हती. नाणं घसरलं आणि खाली पडलं.

या खोलीत चटई नव्हती. नाणं उघड्या फरशीवर पडून खणखणलं, उसळलं, पुन्हा खणखणलं आणि टेबलाच्या पायाशी गरगरत बराच वेळ वाजत राहिलं.

बायको तशीच थांबली. हा आवाज तिला ओळखावा लागत नव्हता. स्वयंपाकघरातून पस्तीस वर्षं तिने तो ऐकला होता. खणखणाट ऐकू आला की आज जेवताना गप्पा, आणि थप्प झालं की आज जेवताना मौन, एवढं तिला पाठ होतं. तिने गुडघ्यांवर हात ठेवून वाकून नाणं उचललं. कमरेइतक्या उंचीवरून पुन्हा सोडलं. ते पुन्हा वाजलं.

"काय गं पडलं?" आतून मुलीने विचारलं.

बायकोच्या चेहऱ्यावरचा उजेड ओसरला होता. ती खुर्चीपाशी आली, त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि अगदी हळू म्हणाली, "अहो, ती सगळी खरी होती?"

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. याच प्रश्नासाठी त्यांनी पलंगाखाली नाणी टाकली होती, घसा फोडला होता, हिचा चावा घेतला होता. आता फक्त मान खाली-वर करायची होती. त्यांनी तिच्या मनगटाला बांधलेला रुमाल पाहिला, त्यावरचा तपकिरी डाग पाहिला. हो म्हटलं तर ही जन्मभर त्या मुशीसमोर उभी राहील, हे त्यांना लख्ख दिसलं. तळमजल्यावर, अंगणात, उन्हात, जिथे असेल तिथे.

मान दगा देईल म्हणून त्यांनी डाव्या हाताने हनुवटी घट्ट धरली. चार महिने नको असताना तोंडातून सांडणारा शब्द आज शोधावा लागला. जीभ टाळूला लावली, सोडली, आणि बाजारात म्हणायचे तसे स्पष्ट म्हणाले,

"खोटं."

ती सरळ उभी राहिली. पिशवीतून रिकामा डबा काढला, तळाशी उरलेल्या पाकिटांतलं एक निवडलं. त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात 'नक्कल' लिहिलेलं होतं. तिने नाणं त्यात घातलं, पाकीट मिटून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि खिशावर क्षणभर हात ठेवला.

"अगं आई, काय पडलं?" मुलगी चहाचे कप घेऊन दारात आली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "चमचा पडला."